त्रेसष्टावे पान

“आमच्या गटात सुरुवातीला एक ज्येष्ठ सदस्य होते. त्यांचं रशियन जुन्या काळातलं, कारखान्यातलं होतं, तरी आम्हाला त्यांच्याबद्दल आदरच आहे. गटाला पहिलं मोठं काम मिळालं, तेव्हा त्यांनी भाषांतर न वाचताच त्यावर सही करायला नकार दिला आणि एक टोमणा मारून निघून गेले. कॉम्प्युटरने दहा मिनिटांत केलेलं काम बघून त्यांना वाईट वाटलं असावं. आम्ही मात्र खचलो नाही. जे होतं ते तसंच, वेळेत, क्लायंटला दिलं आणि आजपर्यंत एकही तक्रार आलेली नाही. थँक यू, आजोबा, यू मेड अस स्ट्राँगर!”

हा मजकूर पुण्यातल्या एका रशियन शिकणाऱ्या गटाने आपल्या चौथ्या वाढदिवसानिमित्त प्रसृत केला. माझ्या भाच्याने तो मला फोनवर पाठवला आणि खाली विचारले, “मामा, हे तुम्हीच ना?” मीच. मजकुरात सात वाक्ये आहेत. पहिले खरे आहे. शेवटचे आभाराचे असल्यामुळे त्याच्या खरेखोटेपणाचा प्रश्न येत नाही. मधल्या पाचांबद्दल मला बोलायचे आहे. या वयात माणसाने अशा गोष्टी सोडून द्याव्यात, असा सल्ला मला घरातून मिळाला. सल्ला देणाऱ्यांवर हा मजकूर लिहिलेला नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले.

गट दर रविवारी सकाळी दहा वाजता एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील खोलीत जमत असे. दहा वाजता म्हणजे मी दहा वाजता आणि बाकीचे पावणेअकराला. गट चालवणाऱ्या बाई धायरीला राहत आणि संगणकाच्या कुठल्याशा कंपनीत नोकरी करीत. वय तिशीचे, बोलणे झपाट्याचे. काम नसले की त्या मला ‘सर’ म्हणत, काम असले की ‘आजोबा’. त्यांच्याखालोखाल मान होता एका तरुणाला. तो नोकरी सोडून घरबसल्या भाषांतराची कामे घेऊ लागला होता. म्हणजे घरी बसला होता हे नक्की, कामांबद्दल मला खात्री नाही. उरलेले आठदहा जण येत-जात राहत. ते रशियन का शिकत होते, हे मी पहिल्याच रविवारी विचारले. एकाने सांगितले की जर्मनला फार गर्दी झाली आहे. दुसरी म्हणाली की जपानीचा क्लास घरापासून लांब पडतो. रशियन शिकण्याला रशियन भाषा हे कारण एकानेही दिले नाही.

भाषा शिकण्याच्या त्या दोन तासांतला बहुतेक वेळ ही मंडळी भाषांतराच्या धंद्याविषयी गप्पा मारण्यात घालवीत. त्या गप्पा मला अजून आठवतात, कारण इतक्या कमी भाषेवर इतका मोठा धंदा उभारलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही.

“तू प्रोफाइलवर लेव्हल काय टाकलीयेस?” बाईंनी त्या तरुणाला विचारले.

“नेटिव्ह.”

“नेटिव्ह? अरे, तू कोथरूडचा ना?”

“मग कोथरूडचं नेटिव्ह. क्लायंट काय बघायला येतोय?”

“मी फ्लुएंट टाकलंय,” कोणीतरी म्हणाले. “फ्लुएंट कोणी तपासत नाही.”

“सर तपासतात ना!”

“सर क्लायंट थोडीच आहेत!”

सगळे हसले. मी त्या तरुणाला, त्याच्या मातृभाषेत, म्हणजे रशियन भाषेत, विचारले की आज आपण सकाळी काय खाल्ले. त्याने किंचितही न बावरता फोन काढला, माझा प्रश्न पुन्हा विचारायला लावून तो फोनला ऐकवला, आणि फोनने अस्खलित रशियनमध्ये उत्तर दिले की अंडी आणि काळा पाव. फोनने काय खाल्ले ते मला त्या दिवशी समजले. त्या तरुणाने काय खाल्ले ते आजपर्यंत समजलेले नाही.

“बघा, सर,” तो म्हणाला, “मीनिंग पोचलं की नाही?”

आता माझ्या रशियनविषयी. ते जुन्या काळातले आणि कारखान्यातले आहे, हे विधान अपमान म्हणून केलेले असले तरी मी ते प्रशस्तिपत्र म्हणून स्वीकारतो. खडकीतल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे भाषांतरकार होतो. कारखान्याचे नाव सांगण्याची तेव्हा परवानगी नव्हती, आता इच्छा नाही. तिकडून यंत्रे येत आणि यंत्रांबरोबर पुस्तके येत. ती आम्ही चौघे जण एका खोलीत बसून भाषांतरित करीत असू. आमचे भाषांतर वाचून माणसे यंत्राला हात लावीत. ज्या भाषांतरावर विसंबून कोणी यंत्राला हात लावत नाही, त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. या गटात बहुधा त्याला प्रोफाइल म्हणत.

मी गटात गेलो तो कोणाला शिकवण्याचा सोस होता म्हणून नव्हे. निवृत्तीनंतर रशियन बोलायला माझ्या ओळखीत एकही माणूस उरला नव्हता, आणि भाषा बंद पेटीत ठेवली की तिला काय होते ते मला ठाऊक होते. पण तिथे बोलण्यासारखे कोणी नव्हते, म्हणून शिकवावे लागले. मी त्यांना हस्ताक्षर शिकवायला घेतले. छापील रशियन अक्षरे ही मंडळी महिन्याभरात ओळखू लागली होती, पण हाताने लिहिलेले रशियन ही निराळीच वस्तू आहे. त्यात एकामागून एक सारखीच वळणे येतात, आणि सवय नसलेल्या माणसाला आख्खा शब्द कुंपणाच्या तारेसारखा दिसतो. मी सर्वांना दुरेघी वह्या आणायला सांगितल्या. मराठी शाळेत पहिलीच्या मुलांना देतात त्या. फळ्यावर मी एक वाक्य लिहिले.

“सर, हा ईसीजी आहे,” तो तरुण म्हणाला.

“पेशंट गेला का पण?” मागून कोणीतरी.

बाई सौजन्याने म्हणाल्या, “सर, आजकाल हाताने कोण लिहितंय? सगळं टाइप होतं. हँडरायटिंग इज डेड.”

“माझ्या पिढीने हाताने लिहिलेले कागद अजून जिवंत आहेत,” मी म्हणालो. “ते तुमच्याकडे येतील तेव्हा तुम्ही त्यांना काय म्हणून ओळखणार?”

पुढच्या रविवारी दुरेघी वही एकच आली. ती यवतमाळकडच्या एका मुलीची होती. ती पुण्यात वसतिगृहात राहून कसलेसे शिक्षण घेत होती आणि गटात सर्वांत मागे बसत असे. तिचे रशियन बेतास बात होते. उच्चार तर असे की ऐकणाऱ्याने आधी क्षमा करावी आणि मग अर्थ लावावा. पण ती वळणे गिरवीत असे. “सर, हे वळण बरोबर हाये का?” ती विचारी. मी म्हणे, “नाही.” ती पान उलटून पुन्हा लिही. “सर, आता?” “आताही नाही.” असे चार महिने चालले. त्या चार महिन्यांत ती एकदाही रुसली नाही आणि एकदाही कारण सांगत बसली नाही. पुण्यात राहूनही तिला या दोन गोष्टी कशा जमल्या, हे मी तिला विचारले नाही.

मग ते पहिले मोठे काम आले. धायरीत पत्र्याला दाबून आकार देण्याचा एक छोटा कारखाना आहे. त्याच्या मालकाने बंद पडलेल्या एका कारखान्याच्या लिलावात जुने रशियन प्रेस यंत्र घेतले. यंत्राबरोबर त्याचे रशियन पुस्तक मिळाले. कामगारांना वाचता यावे म्हणून मालकाला ते मराठीत हवे होते, आणि बाई त्याच परिसरात राहत असल्यामुळे काम त्यांच्याकडे आले. मालकाने एकच अट घातली: कोणीतरी जुन्या, यंत्रांतले कळणाऱ्या माणसाने भाषांतर तपासून शेवटी सही करावी. यावरून त्या गृहस्थाला भाषांतर कळत नसले तरी माणसे कळत होती, असे दिसते.

काम कसे झाले ते मी डोळ्यांनी पाहिले. पुस्तकाच्या पानांचे फोटो सर्वांच्या फोनवर आले आणि भाषांतर करणाऱ्या एका यंत्राला दिले गेले. यंत्राने रशियनचे इंग्रजी केले. दुसऱ्या यंत्राने इंग्रजीचे मराठी केले. मग आठ जणांनी जवळजवळ आठ-आठ पाने वाटून घेऊन त्यांवर आपले हात फिरवले आणि त्याला ‘ह्यूमन टच’ असे नाव दिले. परिणाम असा की ‘झाकण बंद करा’ एवढ्या आज्ञेचे ‘झाकणाच्या बंद होण्याची खात्री करण्याची कृती करण्यात यावी’ असे झाले. ते काम दहा मिनिटांत झाले, याविषयी माझा आक्षेप नाही. ते दहा मिनिटांत झालेले दिसत होते.

त्या रविवारी बाईंनी छापलेला गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवला.

“आजोबा, फक्त इथे साइन. आणि खाली ‘तपासले’ असं लिहा.”

“मी तुमच्या आजीचा कोणी नव्हे,” मी म्हणालो. “आणि आधी तपासतात, मग ‘तपासले’ लिहितात. मराठीत भूतकाळ म्हणतात त्याला.”

“सर, मंडेला डिलिव्हरी आहे हो. बासष्ट पानं आहेत. कधी वाचणार तुम्ही?”

मी गठ्ठा उलटा केला आणि शेवटचे पान उघडले. इथपासूनचे सर्व काही त्या मजकुरात ‘न वाचताच’ या दोन शब्दांत आटोपलेले आहे. म्हणून हे जरा सावकाश सांगतो.

रशियन यंत्राचे पुस्तक शेवटच्या पानापासून वाचायचे असते. ही माझी लहर नव्हे. त्या देशाच्या प्रत्येक तांत्रिक पुस्तकाच्या अखेरीस बदलनोंदीचे एक पान असते. ते म्हणजे छापील चौकटींचा तक्ता. पुस्तक छापल्यानंतर त्यातले कोणते पान बदलले, कोणते नवे घातले, कोणते रद्द केले, हे त्या चौकटींत हाताने लिहून ठेवतात. छापील पाने हे पुस्तकाचे पहिले म्हणणे, आणि हा तक्ता हे त्याचे शेवटचे म्हणणे. तक्ता न वाचता पुस्तक वाचणारा माणूस रद्द झालेल्या गोष्टी मन लावून वाचत बसण्याचा संभव असतो.

त्यांच्या गठ्ठ्यातले शेवटचे पान सुट्या भागांच्या यादीचे होते. मी विचारले, “मूळ पुस्तक किती पानांचे?”

“सिक्स्टी-टू.”

“मुखपृष्ठावर किती लिहिले आहे?”

कोणी मुखपृष्ठ पाहिलेच नव्हते. त्या तरुणाने फोनमध्ये शोधले. मुखपृष्ठावर त्रेसष्ट होते.

“हां, ते लास्ट पेज,” तो म्हणाला. “ते ब्लँक आहे, सर. नुसतं टेबल. सॉफ्टवेअरने काहीच आउटपुट दिलं नाही, म्हणून ड्रॉप केलं.”

“तुम्ही पाहिले?”

“सॉफ्टवेअरने पाहिलं ना!”

मी फोटो मागितला. तक्ता होता. तक्त्यात जांभळ्या शाईने, व्यवस्थित रशियन हस्ताक्षरात, चार ओळी लिहिलेल्या होत्या. त्यांच्या यंत्राला हस्ताक्षर वाचता आले नाही म्हणून त्याने काही दिले नाही, आणि यंत्राने काही दिले नाही म्हणून यांनी पान कोरे ठरवले. चार ओळी धडधडीत डोळ्यांसमोर असताना पान कोरे आहे असे म्हणण्यासाठी आठ सुशिक्षित माणसे लागली. चौथ्या ओळीत, रद्द पानांच्या चौकटीत, एक आकडा होता: एक्केचाळीस. मी गठ्ठ्यातले एक्केचाळिसावे पान काढले. ते सुरक्षा झडपेचा दाब किती ठेवावा याविषयीचे होते, आणि ते संपूर्ण, सुबक, ठळक अक्षरांत भाषांतरित केलेले होते.

मी गठ्ठा मिटला आणि म्हणालो, “ज्यांना शेवटचे पान वाचता येत नाही, त्यांनी पहिले पान छापू नये. मी सही करणार नाही.” आणि उठलो. जिन्यात असताना वरून कोणाचा तरी आवाज आला, “टिपिकल पेठी!” त्यावर हशा.

हाच तो ‘टोमणा’. माझ्या मते ती सूचना होती. शेवटचे पान वाचा, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. ज्याला वाचायचे असेल त्याने वाचावे. एक्केचाळिसाव्या पानाचा मी उच्चार केला नाही, हे खरे आहे, आणि ते त्या मजकुरात नाही, कारण ते त्यांना ठाऊकच नाही. मीच ते इथे लिहीत आहे.

उच्चार का केला नाही, तेही लिहितो. खडकीला मी नवा लागलो तेव्हा मला एक जाडजूड पुस्तक मिळाले. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि तीन आठवडे मान वर न करता एक आख्खा विभाग मराठीत आणला. आमचे वरिष्ठ अतिशय कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी गठ्ठा हातात घेतला आणि विचारले, “आपण सुरुवात कुठून केलीत?” मी म्हणालो, पहिल्या पानापासून. त्यांनी गठ्ठा न वाचता माझ्या टेबलावर परत ठेवला. “चहाचा पेला यावर ठेवत जा,” ते म्हणाले, “लाकडावर डाग पडतात.” बस्स. काय चुकले ते सांगितले नाही. ते मला दुसऱ्या दिवशी शेवटच्या पानावर सापडले: तो सबंध विभाग रद्द होता. वर्षभर मी त्या गठ्ठ्यावर पेला ठेवून चहा प्यालो. त्यानंतरच्या तीस वर्षांत मी एकही पुस्तक पहिल्या पानापासून उघडले नाही. मला शिकवले गेले ते असे, आणि मला दुसरी रीत येत नाही.

परंतु घरी आल्यावर, वाद घालायला समोर कोणी नसल्यामुळे, मला एक गोष्ट मान्य करावी लागली. खडकीत माझ्या चुकीने नुसता कागद वाया गेला होता. धायरीत त्या कागदाशेजारी एक माणूस उभा राहणार होता. रद्द पानावरचा दाब लावून कोणी ते यंत्र चालवले, तर चहाचा पेला ठेवण्यापलीकडचे काही घडण्याची शक्यता होती. आणि ते माहीत असलेला पुणे शहरात एकच मनुष्य होता.

सोमवारी मी बाईंना फोन करण्यासाठी फोन हातात घेतला. ‘टिपिकल पेठी’ आठवले आणि खाली ठेवला. मंगळवारीही तसेच. बुधवारी मी स्वतःला पटवले की मालक शहाणा आहे, सहीवाचून गठ्ठा स्वीकारणारच नाही. त्या रात्री जेवताना माझे लक्ष नाही असे घरात म्हणाले. मी आमटीत मीठ नाही असे सांगून वेळ मारून नेली. आमटीत मीठ होते.

गुरुवारी सकाळी मी स्वारगेटला गेलो आणि तिथून धायरीची बस पकडली. कारखान्याचा पत्ता मला भाषांतराच्या पहिल्या पानावरून पाठ झाला होता. धायरी फाट्यापासून पुढे चालत गेलो. पत्र्याच्या शेडांमधून वाट होती, आणि कारखाना दिसण्याच्या आधी मला त्या यंत्राचा आवाज ऐकू आला. जड ठोका, मग सुस्कारा, मग पुन्हा ठोका. एकतीस वर्षे ऐकलेला आवाज मी ओळखणार नाही, असे होणार नव्हते. यंत्र चालू होते. मी धावलो नाही, कारण या वयात धावण्याने पोहोचायला उशीरच होतो. पण कसा चाललो ते मला आठवत नाही.

आत पन्नाशीचा एक माणूस यंत्र चालवत होता. मालक बाहेरगावी गेले होते.

“झडपेचा दाब कोणी लावला?” मी दारातूनच विचारले.

त्याने यंत्र थांबवले आणि मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. “मीच लावला की. का वो? तुम्ही कोन?”

“कशावरून लावला?”

“पाटीवरनं. मंग कशावरनं लावनार?” त्याने यंत्राच्या बाजूला ठोकलेली पितळी पाटी दाखवली. रशियन अक्षरांची. तिच्याशेजारी पत्र्यावर खडूने आकडा लिहिलेला होता. “त्या पोरीनं वाचून दिला न्हाई का. सोमवारी कागद घिऊन आलेली. मोबाइलची बॅटरी मारली, पाटी पुसली, आन् म्हनली, काका, एक्केचाळीस नंबरचं पान धरायचं न्हाई. ते रद्द हाय.”

“कोणती पोरगी?”

“आता आमाला काय म्हाईत? तुमच्यातलीच आसंल. आमच्यावानी बोलत न्हवती, पर तुमच्यावानी बी न्हाई.”

मी खडूच्या आकड्याजवळ गेलो. त्यात एक सात होता, आणि त्या साताला रशियन रीतीने मधोमध आडवी रेघ होती. ही रेघ मी फळ्यावर काढली होती तेव्हा सर्वांना मोठी गंमत वाटली होती. मी पाटी वाचली. आकडा बरोबर होता.

“मला ते पुस्तक दाखवा,” मी म्हणालो.

गठ्ठा भोक पाडून सुतळीने खिळ्याला टांगलेला होता, आणि तीनच दिवसांत त्याच्या कडांना तेलाचे अंगठे लागले होते. मी तो उलटा केला. शेवटचे पान छापील नव्हते. ते दुरेघी वहीतून फाडलेले होते. त्यावर पट्टीने तक्ता आखला होता, तक्त्यात चारही ओळी मराठीत होत्या, आणि खाली लिहिले होते: ‘पान ४१ रद्द. त्याऐवजी काय करावे हे तक्त्यात लिहिलेले नाही. यंत्रावरची पाटी पाहावी. ती वाचता येत नसेल तर यंत्र चालवू नये.’ इतके स्वच्छ मराठी उरलेल्या बासष्ट पानांत कोठेही नव्हते. त्या पानाच्या तळाशी ‘तपासले’ एवढा शब्द लिहून पुढे जागा मोकळी सोडलेली होती. गठ्ठा पोहोचवायला बसने जाण्याचे काम गटाने सर्वांत मागे बसणारीवर टाकले असावे. असली कामे ते तिच्यावरच टाकीत. वाटेत कुठेतरी, बहुधा स्वारगेटच्या बाकावर बसून, तिने पुस्तक पूर्ण केले. शेवटच्या पानाविषयीचे ते वाक्य मी बोललो तेव्हा ती वही उघडत होती, असे मला आता आठवते. पण जे आता आठवते त्यावर मी विसंबत नाही.

“बसा की,” तो माणूस म्हणाला. “च्या सांगू का?”

मी स्टुलावर बसलो आणि शेवटच्या पानापासून उलट वाचत पहिल्या पानापर्यंत आलो. दुपार झाली. मधे त्याने दोनदा चहा आणला आणि एकदा विचारले, “काय परीक्षा हाय काय तुमची?” मी हो म्हणालो. ‘झाकणाच्या बंद होण्याची खात्री करण्याची कृती’ मी पेन्सिलीने खोडली आणि ‘झाकण बंद करा’ असे लिहिले. अशी खाडाखोड जवळजवळ प्रत्येक पानावर आहे. एक्केचाळिसाव्या पानावर मी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारली, कारण खडकीला तशी मारीत असत. त्या माणसाने रेघ पाहिली आणि म्हणाला, “पोरीनं सांगितलंच व्हतं की.”

“सांगितले होते,” मी म्हणालो. “आता रेघही आहे.”

हे सर्व मी तीन वर्षे कोणाला सांगितले नाही. ती मुलगी पुढे शिक्षण संपवून गेली. गटाच्या नकळत तिने गठ्ठ्यात पान घातले हे कळले असते, तर तिच्यावरून कशी सभा भरली असती, ते मला ठाऊक होते. आणि मी धायरीला गेलो होतो हे त्या मंडळींना कळावे, अशी माझीही इच्छा नव्हती. तिला मी कधी काही म्हणालो नाही. म्हणायला हवे होते, असे कोणी म्हणाल्यास मी त्यावर वाद घालणार नाही.

तेव्हा त्या मजकुराकडे. ‘जे होतं ते तसंच’ दिले, असे त्यांचे म्हणणे आहे. आपण काय दिले हे त्यांना आजतागायत माहीत नाही. ‘एकही तक्रार आलेली नाही,’ हे खरे आहे, आणि त्याचे कारण तो गट नव्हे. राहता राहिला माझा नकार. मी वाचल्यावाचून सही नाकारली, असे चार वर्षांचा हा गट चारचौघांत सांगतो. त्याला मी उत्तर देत बसणार नाही. ज्याला पाहायचे असेल त्याने धायरीला जाऊन पाहावे. खिळ्याला टांगलेल्या त्या प्रतीत त्रेसष्टावे पान आहे, आणि त्यावर ‘तपासले’ या शब्दापुढे माझी सही आहे.